प्रोजेक्टरचा दिवा बदलायचाय: कंपनीचा घ्यावा की बाजारातला?

कोयनाकाठ | १४ जुलै २०२५, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. मी पाटण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्याकडे एप्सनचा ईबी-एस४१ प्रोजेक्टर आहे. जून २०१८ मध्ये गावाने लोकवर्गणी काढून घेऊन दिला. मुंबईत कामाला असलेल्या पोरांनी पाचशे-पाचशे पाठवले, इथल्या बचत गटाच्या बायकांनी तीन हजार घातले. त्यामुळे त्याच्यावर खर्च करायची वेळ आली की माझा जीव वरखाली होतो. चुकीच्या ठिकाणी पैसे गेले तर गावाला काय तोंड दाखवू?

यंदा शाळा उघडल्यापासून चित्र फार अंधुक येतंय. खिडक्या लावून घेतल्या तरी मागच्या रांगेतल्या मुलांना नकाशातल्या नद्यांची नावं वाचता येत नाहीत. मधूनच पापणी लवावी तसा उजेड लवतो. दुकानदार म्हणाला, "बाई, दिवा गेला." भाव दिले दोन: कंपनीचा ९,८०० आणि 'कंपॅटिबल', म्हणजे दुसऱ्याच कुणी बनवलेला पण यात बसणारा, ३,१००. शाळेच्या अनुदानातून यासाठी जेमतेम चार हजार निघतील.

पण मेनूत दिव्याचे तास बघितले तर १,१४० दाखवतोय आणि माहितीपत्रकात ६,००० लिहिलेत. मग दिवा इतक्यात कसा जाईल? दुकानदारावर विश्वास ठेवू की मशीनवर? आणि बदलायचाच झाला तर कुठला घेऊ?

सरळमार्गी | १४ जुलै, रात्री ९.३१

सरळ ४३ इंची टीव्ही घ्या. दिव्याची कटकटच नको. प्रोजेक्टरचे दिवस गेले.

लक्सलक्ष्मी | १४ जुलै, रात्री ९.४८

सरळमार्गी, वर्गात मुलं किती ते तरी विचारा आधी! घरच्या दिवाणखान्यात ठीक आहे, वर्गात शेवटच्या बाकावरून ४३ इंच म्हणजे खिडकीतून शेजारचा टीव्ही बघितल्यासारखं होतं.

कोयनाकाठताई, मी कोथरूडला घरी गेली नऊ वर्षं प्रोजेक्टर वापरते. तीन दिवे बदलून झाले, त्यातला एक अक्षरशः फुटला. ती कहाणी सांगतेच, पण आधी एक करा. हवेचा फिल्टर काढून बघा. माझा पहिला 'गेलेला' दिवा खरं तर धुळीने गुदमरलेला होता. फिल्टरवर बोटभर जाड लोकर साचली होती.

अबकड | १४ जुलै, रात्री ९.५५

वाचतोय. आमच्या सोसायटीचा प्रोजेक्टरही गणपतीच्या आधी नेमका आजारी पडतो.

जोडतोड | १४ जुलै, रात्री ११.०२

मी कोल्हापुरात प्रोजेक्टर दुरुस्तीच करतो, १६ वर्षं. बाई, तुमचा प्रश्न फार बरोबर आहे. दिवा निवडण्याआधी दोष दिव्याचाच आहे का हे बघायचं असतं, आणि ते बहुतेक लोक बघत नाहीत. नवा दिवा बसवून चित्र तसंच, असे लोक महिन्याला दोन-तीन येतात माझ्याकडे.

पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र लावा. वर्डचं कोरं पान चालेल. सगळा पांढरा सारखाच मंद दिसतोय की एखाद्या कोपऱ्यात पिवळा, निळसर डाग आहे? डाग असेल तर आतल्या पोलरायझरच्या, म्हणजे उजेड गाळणाऱ्या, पट्ट्या उष्णतेने जळल्यात. दहा हजारांचा दिवा घातला तरी तो डाग जाणार नाही, उलट जास्त उठून दिसेल. हे एलसीडी प्रोजेक्टरचं झालं, तुमचा त्यातलाच. डीएलपी हा दुसरा प्रकार, त्यात पडद्यावर पांढरे ठिपके येतात, तारे सांडल्यासारखे, तेव्हा आतली चिप जात असते. तिथेही दिव्याचा काही संबंध नाही.

सारखाच मंद असेल तर मेनूत वीजवापर 'इको'वर तर नाही ना ते बघा. मग फिल्टर, मग लेन्स. लेन्सवर पावसाळ्यात बुरशी धरते, टॉर्च मारून तिरकं बघा.

आणि उजेड लवतोय म्हणालात, ते मला खटकलं. धुळीने उजेड कमी होतो, लवत नाही. लवणं हे बहुतेक वेळा म्हाताऱ्या दिव्याचं लक्षण. १,१४० तासांना दिवा म्हातारा होत नाही. कुठेतरी हिशोब चुकतोय.

भौतिकवाली | १५ जुलै, सकाळी ७.२०

जोडतोड यांनी 'म्हातारा दिवा' म्हटलंय तर त्यात नेमकं काय घडतं ते सांगते, कारण ते मला खूप सुंदर वाटतं.

या दिव्यात तापणारी तार नसते. क्वार्ट्झच्या, वाटाण्याएवढ्या फुग्यात टंगस्टनची दोन टोकं समोरासमोर असतात, मधली फट साधारण एक मिलिमीटर. त्या फटीत विजेची कमान पेटते आणि आतल्या पाऱ्याची वाफ होते. वाफेचा दाब २०० वातावरणांच्या घरात जातो. म्हणजे समुद्रात दोन किलोमीटर खाली जेवढा दाब असेल तेवढा, आणि तो वाटाण्याएवढ्या काचेने पेलायचा! फिलिप्सने १९९५ च्या सुमारास हे दिवे आणले आणि त्यामुळेच प्रोजेक्टर टेबलावर मावायला लागला. उजेड जितक्या छोट्या बिंदूतून निघेल तितका तो लेन्समधून नीट पुढे जातो, म्हणून ती फट इतकी लहान.

वापरता वापरता टंगस्टन झिजतं, फट रुंदावते, थोडं टंगस्टन उडून आतल्या काचेवर काजळीसारखं बसतं. क्वार्ट्झही हळूहळू दुधाळ होतो. कमानीला टोकावर पाय ठेवायला पक्की जागा राहिली नाही की ती इकडून तिकडे उड्या मारते. तेच तुम्हाला लवताना दिसतं.

माहितीपत्रकातले ६,००० तास म्हणजे दिवा त्या दिवशी विझतो असं नाही. साधारण तेवढ्या तासांनी उजेड निम्म्यावर येतो, असा त्याचा अर्थ.

तारांगण७८ | १५ जुलै, सकाळी ८.०५

भौतिकवाली, सकाळी सकाळी छान वाचायला मिळालं.

मला त्या १,१४० चाच हिशोब लागत नाहीये. बाई, रोज किती तास चालतो? सगळ्या इयत्ता एकाच खोलीत येऊन बघतात का?

कोयनाकाठ | १५ जुलै, रात्री ८.४०

सगळ्यांचे आभार. आज शाळा सुटल्यावर मुलांना घेऊनच सगळं तपासलं. फिल्टर काळा झाला होता, झटकला आणि मऊ ब्रशने साफ केला. लेन्स स्वच्छ आहे. 'इको' नाही, 'नॉर्मल'वर आहे. कोरं पान लावलं तर डाग कुठेच नाही, सगळीकडे सारखाच पिवळट मंद. फिल्टरने थोडा फरक पडला, पण नद्यांची नावं अजून दिसत नाहीत आणि लवणं तसंच.

तारांगण, आमच्याकडे पहिली ते सातवी एकाच खोलीत आळीपाळीने येतात. वीज असली की दिवसाचे सहा तास धरा.

सरळमार्गी, भिंतीवर आमचं चित्र सहा फूट रुंद पडतं. तिरकं मोजलं तर ९० इंच. तेवढ्याचा टीव्ही मला कोण देणार?

तारांगण७८ | १५ जुलै, रात्री ८.५८

सहा तास गुणिले वर्षाचे २२० दिवस म्हणजे वर्षाला १,३२०. कोरोनाचं बंद वर्ष सोडा, २०२१-२२ मधली अर्धीमुर्धी शाळा ५०० धरा. २०१८-१९, १९-२०, २२-२३, २३-२४ ही चार वर्षं म्हणजे ५,२८०. त्यात ते ५०० मिळवा. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंतच ५,७८० होतात. मग मशीन १,१४० कसं म्हणतंय?

जोडतोड | १५ जुलै, रात्री ९.१०

हेच! बाई, कोणीतरी दिवा न बदलता मीटर शून्यावर नेलाय. एप्सनमध्ये मेनूतच 'दिव्याचे तास रीसेट' असा पर्याय असतो, दोन मिनिटांचं काम. शंभरेक तास उरले की मशीन 'दिवा बदला' असा संदेश पडद्यावर आणतं. तो संदेश घालवायचा सोपा मार्ग म्हणजे हा. २०२४ च्या जून-जुलैमध्ये प्रोजेक्टर कोणाकडे गेला होता का, चौकशी करा.

कोयनाकाठ | १७ जुलै, रात्री १०.१५

चौकशी केली. जोडतोडदादा, तुम्ही कोल्हापुरात बसून आमच्या गावात काय झालं ते ओळखलंत.

२९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल होती. मंडळाच्या पोरांनी माझ्या आधीच्या गुरुजींची परवानगी काढून शाळेतच मॅच लावली होती. ऐन शेवटच्या षटकांत पडद्यावर 'दिवा बदला' असा संदेश आला म्हणे. आफ्रिकेच्या धावा कमी होत चाललेल्या आणि मध्येच ही पट्टी! पोरांना वाटलं आपल्यामुळेच बिघडला. घाबरून दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खर्चाने तालुक्याला एका मेकॅनिककडे नेला. त्याने 'सर्व्हिसिंग' म्हणून ६०० रुपये घेतले आणि संदेश गेला. पोरं खूश, गुरुजी खूश.

म्हणजे आमचा दिवा १,१४० नाही, सात हजारांच्या आसपास चाललाय. आणि तो बरोबर दुसरीच्या मुलांच्या डोक्यावर टांगलेला आहे. आजपासून बंद ठेवलाय.

पोरांना मी काही बोलले नाही. त्यांनी तर प्रामाणिकपणे दुरुस्तीला नेला होता. ज्याने मीटर फिरवला त्याचा मात्र मला मनापासून राग आलाय.

लक्सलक्ष्मी | १७ जुलै, रात्री १०.३३

बंद ठेवलात हे उत्तम केलंत. आता माझी फुटलेल्या दिव्याची कहाणी.

२०१९ मध्ये मी ऑनलाइन एक कंपॅटिबल घेतला, २,४०० रुपयांना. खोक्यावर नाव छापलेलं, आतल्या बल्बवर काहीच नाही, नुसता एक चिकटवलेला कागद. लावल्या दिवशीच चित्रात हिरवी झाक. माणसांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे. ३८० व्या तासाला, रात्री साडेदहाला, फटाका फुटावा तसा आवाज आला आणि अंधार. पंख्याच्या जाळीतून बारीक पांढरी भुकटी बाहेर आली. माझी मुलगी समोर गादीवर होती. तो क्षण मी विसरलेले नाही. आतली काच काढायला आणि साफसफाईला दुकानात २,००० गेले, वर दिवा गेला तो गेलाच.

भौतिकवाली | १७ जुलै, रात्री १०.५०

हिरव्या झाकेचं कारण: पाऱ्याचा स्वाभाविक उजेड निळा, हिरवा आणि पिवळा असतो, लाल फार कमी. दाब खूप वाढवला की तो रंग पसरतो आणि लाल थोडा भरून निघतो. हलक्या दिव्यात दाब कमी ठेवलेला असेल तर लाल कमीच राहतो, म्हणून चेहरे हिरवे.

भिंतीवरचा_शो | १८ जुलै, सकाळी ११.१२

थोडी दुसरी बाजू. आमची चिपळूणची हौशी नाटकमंडळी नेपथ्याला प्रोजेक्टर वापरते. आम्ही कंपॅटिबलच घालतो. एक १,४०० तास गेला, दुसरा ९०० झालाय आणि व्यवस्थित आहे. सगळेच कंपॅटिबल फटाके नसतात. चार हजारच आहेत तर बाईंनी काय प्रोजेक्टर बंद ठेवून बसायचं? मुलांचं वर्ष तर चाललंय ना?

जोडतोड | १८ जुलै, दुपारी २.२५

शो, तुमचं म्हणणं चूक नाही. 'कंपॅटिबल' या एका शब्दात बाजार दोन वेगळ्या गोष्टी विकतो, गोंधळ तिथे आहे.

दिव्याचे दोन भाग असतात. एक बल्ब, आरशासकट. दुसरा त्याच्या भोवतीचा प्लास्टिकचा पिंजरा, ज्यात वायरी आणि कनेक्टर असतो. पिंजरा कुणीही बनवो, फार बिघडत नाही. जीव बल्बमध्ये आहे. चांगले बल्ब बनवणारे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे: फिलिप्स, ऑसराम, उशिओ, पॅनासोनिक असे. म्हणून दुकानात पर्याय तीन मिळतात. पूर्ण कंपनीचा. बाहेरचा पिंजरा पण आत नामांकित बल्ब. आणि सगळंच बिननावाचं. २,४०० चा तो तिसऱ्यातला. शोंचा बहुधा दुसऱ्यातला असणार.

दुसऱ्या प्रकारचा घेताना खोक्यावर जाऊ नका. दिवा हातात घेऊन आरशाच्या मागच्या बाजूला किंवा मानेवर काय कोरलंय ते वाचा. उदाहरणार्थ ऑसरामवर 'पी-व्हीआयपी २१०/०.८ ई२०.९एन' असं असतं. २१० म्हणजे वॅट. ०.८ म्हणजे टोकांमधली फट, मिलिमीटरमध्ये. ई म्हणजे आरसा लंबवर्तुळाकार, पुढचा आकडा त्या आरशाचा साचा. हे तिन्ही मशीनशी जुळायला हवं. वॅट जुळले नाहीत तर बलास्ट, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारा मशीनमधला भाग, त्याला चुकीची वीज देतं आणि दिवा लवतो, नाहीतर लवकर मरतो. आरसा जुळला नाही तर उजेड भलतीकडेच जमतो, चित्राच्या कडा काळ्या.

कोरीव अक्षरांऐवजी नुसता कागद चिकटवलेला असेल तर परत द्या.

लक्सलक्ष्मी | १८ जुलै, दुपारी ३.०१

+१. मी आता तसाच घेते. तपकीर गल्लीत दुकानदाराला म्हणते, खोकं उघडा, बल्ब दाखवा. जो कां कूं करतो त्याच्याकडे थांबत नाही. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोडवर हेच करता येईल.

शिवाय हिशोब बघा. ९,८०० चा दिवा ६,००० तास गेला तर तासाला १ रुपया ६३ पैसे. ३,१०० चा दिवा त्या भावात बसायचा तर निदान १,९०० तास चालला पाहिजे. शोंचा पहिला १,४०० ला गेला. तोही याच भावाचा असेल तर 'स्वस्त' दिवा तासाच्या भावाने महागच पडला, नाही का?

भिंतीवरचा_शो | १८ जुलै, दुपारी ३.४०

या हिशोबाला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या खजिनदाराला हा प्रतिसाद वाचायला देतो.

अबकड | १८ जुलै, दुपारी ३.४४

खजिनदार वाचेल आणि म्हणेल, "नाटकच अंधारात करा."

सरळमार्गी | १८ जुलै, सायंकाळी ६.१०

टीव्हीचं मागे घेतो, ९० इंच माझ्या डोक्यात नव्हतं. पण मग नऊ हजारात नवा एलईडी प्रोजेक्टरच येतो की. '९,००० ल्युमेन' लिहिलेला बघितला मी.

जोडतोड | १८ जुलै, सायंकाळी ६.३२

ते आकडे खोक्यावरचे. विचारा, आन्सी ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती? बऱ्याचदा उत्तर दोनशे-तीनशे येतं किंवा येतच नाही. बाईंचा एस४१ नवा असताना ३,३०० ल्युमेनचा, तोही मोजून दिलेला. दिव्याचं आयुष्य अर्ध्यावर आलं तरी त्या खेळण्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड. खरे चांगले लेझर प्रोजेक्टर आहेत, २०,००० तास दिव्याकडे बघावं लागत नाही, पण त्यांची किंमत शाळेच्या आवाक्याबाहेरची.

कार्बनकाडी | १९ जुलै, पहाटे ५.५०

हा धागा काल रात्री नातवाने वाचून दाखवला. राहवलं नाही म्हणून त्याच्याकडून टाइप करून घेतोय.

मी तंबू टॉकीजवर ऑपरेटर होतो. पुसेगावची जत्रा आमची दरवर्षीची. आमचा दिवा म्हणजे कार्बनच्या दोन कांड्या. टोकं एकमेकांना टेकवायची, ठिणगी पडली की बेतानं मागं घ्यायची, मधे पांढरीशुभ्र कमान पेटायची. कांडी जळत जाते तशी फट वाढते, म्हणून सारखं चाक फिरवून पुढं सरकवायची. डोळा काळ्या काचेवर, हात चाकावर. जरा दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडायचा आणि तंबूतून हजार लोक एकदम ओरडायचे. या ताईंनी लिहिलंय ना फट रुंदावते म्हणून, ते वाचून अंगावर काटा आला. आमचीच गोष्ट वाटाण्याएवढ्या काचेत कोंडलीय.

पुढं मी कायमच्या थेटरात लागलो. तिथं झेनॉनचा दिवा, दोन हजार वॅटचा. तो तर गार असतानाही आत दाबाखाली असतो. बदलताना तोंडावर जाळी, हातात चामड्याचे मोजे, अंगात जाड कोट. मालक कितीही घाई करो, मी मोज्याशिवाय हात लावला नाही. आणि दिव्याची वही असायची. बसवला कधी, रोज किती तास जळला, सगळं शाईनं लिहायचं. भरले तास की काढला. मीटर कुणी फिरवील, वही कोण फिरवणार?

बाई, उजेड स्वस्तात शोधू नका. दुसरीकडं कुठं तरी काटकसर करा.

कोयनाकाठ | १९ जुलै, सकाळी ७.१५

काका, नमस्कार करते. वही आजच घालते.

न्यूजर्सीकर | १९ जुलै, सकाळी ९.३०

कार्बनकाडी काका, पुसेगावच्या तंबूत मी आजोबांच्या मांडीवर बसून सिनेमा बघितलाय. कदाचित चाकावर तुम्हीच असाल.

पाऱ्याबद्दल लिहितो, कारण शाळा आहे. दिव्यात पारा काही मिलिग्रॅमच असतो, पण फुटला तर वाफ होऊन निघतो. अशा वेळी मुलांना लगेच बाहेर काढायचं, दारं-खिडक्या उघडायच्या, पंखा बंद करायचा, तासभर आत जायचं नाही. तुकडे हाताने गोळा करायचे नाहीत. छताला टांगलेला प्रोजेक्टर असेल तर झाकण उघडताना बरोबर खाली उभं राहू नये, बाजूला राहावं. काच डोळ्यात पडते.

जुना दिवा कचऱ्यात टाकू नका. आमच्याकडे काउंटीचा घातक कचऱ्याचा दिवस असतो, तिथे नेऊन देतो. भारतातही पारा असलेले दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात, नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नवा दिवा घेताना जुना परत घेणार का ते त्या विक्रेत्याला विचारा.

तारांगण७८ | १९ जुलै, सकाळी १०.०२

वाचनखूण साठवली. मूळ प्रश्न मात्र पैशावर अडलाय ना अजून? चार हजार हातात आहेत.

जोडतोड | १९ जुलै, दुपारी १.१५

माझं मत सांगतो. माझ्या धंद्याच्या दृष्टीने दुसरा प्रकार विकलेला मला परवडतो, आणि घरच्या वापराला मी तो देतोच. पण इथे खाली मुलं बसतात, वर्षाला तेराशे तास चालतो आणि गावात दुरुस्तीवाला नाही. बाई, तुम्ही पूर्ण कंपनीचाच घ्या, पिंजऱ्यासकट. नग क्रमांक ईएलपीएलपी९६. नुसता बल्ब घेऊन जुन्या पिंजऱ्यात बसवायच्या फंदात पडू नका. स्क्रू काढायचे, वायर वळवायची, आरसा जरा तिरका बसला तर उजेड गेला. पहिल्यांदा करणाऱ्याचं ते काम नव्हे.

आणि एकाच दुकानाच्या भावावर थांबू नका. अधिकृत विक्रेत्यांना फोन करा, शाळेच्या नावाने जीएसटी बिल मागा. दिव्याची वॉरंटी प्रोजेक्टरपेक्षा वेगळी आणि कमी असते, ती बिलावर लिहून घ्या.

कोयनाकाठ | २७ जुलै, रात्री ९.२०

चार ठिकाणी फोन केले. साताऱ्याच्या अधिकृत विक्रेत्याने ८,४०० सांगितले, बिलासकट, आणि जुना दिवा परत घ्यायला तयार आहे. चार हजार अनुदानातून. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मी तारांगण यांचा हिशोब फळ्यावर लिहिला. मंडळाचा अध्यक्ष मागे उभा होता. म्हणाला, "बाई, वर्ल्ड कपचे तास आमच्या खात्यावर लावा." उरलेले ४,४०० मंडळाने गणपतीच्या वर्गणीतून द्यायचे ठरवलं. डीजेचा एक दिवस कमी करणार म्हणे!

अबकड | २७ जुलै, रात्री ९.२६

प्रोजेक्टरचा उजेड वाढला आणि डीजेचा आवाज कमी झाला. या गावात घर मिळेल का?

जोडतोड | २७ जुलै, रात्री ९.५०

फार छान. बसवताना: आधी वीज काढून तासभर गार होऊ द्या. काचेला बोट लावू नका, बोटाचा तेलकटपणा तापून काच तिथेच खराब होते. लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. झाकण पक्कं बसलं नाही तर दिवा पेटणारच नाही, घाबरू नका, स्क्रू परत आवळा. आणि आता मीटर शून्यावर न्या. या वेळी ते बरोबर आहे.

तुमच्याकडे वीज सारखी जाते. चालू दिव्याची वीज गेली की पंखा थांबतो आणि दिवा आतल्या आत भाजतो. हे मशीन लगेच बंद केलेलं सहन करतं, पण वीज आल्या आल्या पुन्हा पेटवू नका, दहा मिनिटं जाऊ द्या. जमलं तर छोटा यूपीएस लावा.

कोयनाकाठ | ५ ऑगस्ट २०२५, रात्री ८.०५

आज बसवला. मी शिडीवर, मंडळाचा एक मुलगा शिडी धरून, मुलं व्हरांड्यात. दोघांनी चष्मे घातले होते. जुना दिवा बाहेर काढला तर आतला फुगा काळसर, एका बाजूला दुधाळ. भौतिकवाली, तुम्ही लिहिलंत अगदी तसाच. सातवीच्या मुलांना पिशवीतूनच दाखवला आणि कमान कशी पेटते ते सांगितलं.

पहिल्यांदा पेटलाच नाही. पोटात गोळा आला. मग झाकण आठवलं, स्क्रू आवळला, आणि भिंत एकदम पांढरी झाली. व्हरांड्यातून आरडाओरडा. महाराष्ट्राचा नकाशा लावला. दुसरीतली एक मुलगी शेवटच्या रांगेत उभी राहून एकेक अक्षर जोडत वाचायला लागली, "को... य... ना." मग सगळा वर्गच वाचायला लागला.

आता 'इको'वर ठेवलाय. पडदे लावले की तेवढा उजेड पुरतो, आणि त्यात १०,००० तासांपर्यंत जातो असं माहितीपत्रकात आहे. पंख्याचा आवाजही कमी झाला, मागे माझा आवाज पोचतो.

कार्बनकाडी | ५ ऑगस्ट, रात्री ८.४०

वहीत लिहिलं का?

कोयनाकाठ | ५ ऑगस्ट, रात्री ८.५२

लिहिलं काका, शाईने. दिवा बसवला ५ ऑगस्ट २०२५, तास शून्य. खाली शिडी धरणाऱ्याचीही सही घेतली. रोजचे तास सातवीची मुलं आळीपाळीने भरणार आहेत. आजचे भरले: दोन तास दहा मिनिटं.